टाचण वहीतली इतवारी

स्मरणिकेसाठी काय लिहिणार, असे संपादक मंडळाने विचारले. गॅदरिंग, सहली, खो-खोचे सामने आणि मधल्या सुट्टीतला चिंचा-बोरांचा व्यवहार यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एका वहीचा इतिहास लिहायचे ठरवले. ही वही आपण सर्वांनी दहा वर्षे रोज पाहिली, पण एकदाही उघडली नाही. सर किंवा बाई वर्गात येत तेव्हा हजेरीपट आणि पुस्तक यांच्यामध्ये तपकिरी कव्हर घातलेली एक वही असे. टेबलावर ती उघडी ठेवून तास सुरू होई आणि घंटा झाली की मिटली जाई. ती टाचण वही.

पुढे मी स्वतः मराठीची शिक्षिका झाले आणि तीस वर्षांहून अधिक काळ अशाच वह्या लिहिल्या, तेव्हा तिच्यात काय असते ते कळले. दिनांक, इयत्ता, घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, विषयविवेचन, फलकलेखन, स्वाध्याय आणि शेवटी मुख्याध्यापकांची सही. साध्या शब्दांत सांगायचे तर उद्याचा धडा कुठून सुरू करायचा, वर्गात काय न्यायचे, फळ्यावर काय लिहायचे आणि मुलांना काय विचारायचे, याचा आदल्या रात्री केलेला विचार.

पाठ्यपुस्तक आपल्याकडे कायम बाहेरून आले. कधी एका राजधानीतून, कधी दुसऱ्या. धडा मात्र इतवारीतच तयार झाला, आणि तो या वहीत तयार झाला. शाळेचा इतिहास लिहिताना इमारत, देणगीदार आणि निकालाचे टक्के यांबरोबर ही वहीही त्यात यावी, म्हणून हा लेख.

पाच पायऱ्या

या वहीचे मूळ दूरचे आहे. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाने असे मांडले की नवे ज्ञान मनातल्या जुन्या ज्ञानाला जोडले गेले तरच टिकते. त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्यावरून धड्याच्या पाच पायऱ्या बसवल्या: पूर्वतयारी, मांडणी, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. इंग्लंडमधल्या अध्यापक महाविद्यालयांमार्गे ही पद्धत भारतात आली आणि आपल्याकडे ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून रुजली. आपल्या सरांनी बी.टी. किंवा बी.एड. करताना सराव पाठ दिले ते याच पायऱ्यांवर. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले आणि पुढे घाम पुसत उभा असलेला भावी शिक्षक, हे चित्र प्रत्येक सरांच्या तरुणपणात आहे.

गणिताला ही पंचपदी छान बसते. चार उदाहरणे घ्यावीत, तुलना करावी, नियम काढावा, नवे गणित सोडवावे. भाषेचे तसे नाही. व्याकरणाचा पाठ तिच्यात बसतो, पण कवितेचे ‘सामान्यीकरण’ करायचे म्हणजे काय करायचे? म्हणून भाषेच्या शिक्षकांनी आपल्यापुरत्या वेगळ्या पायऱ्या केल्या. कवितेला आधी शिक्षकाचे आदर्श वाचन, मग अर्थ, मग रसग्रहण, शेवटी मुलांचे वाचन. गद्याला प्रकट वाचन आणि मूक वाचन. कोणता शब्द अर्थ सांगून शिकवायचा, कोणता वस्तू दाखवून आणि कोणता वाक्यात वापरून, हे टाचणात आधीच ठरलेले असे. बाई एखादा शब्द विचारून खिडकीबाहेर बघत थांबत, तेव्हा त्या विसरल्या आहेत असे आपल्याला वाटे. ती जागा त्यांनी आदल्या रात्री ठरवून ठेवलेली असायची.

इतवारी न सोडता चार राज्ये

आपले जे गुरुजी १९४० च्या सुमारास नोकरीला लागले, त्यांचा विचार करा. रुजू झाले तेव्हा ते मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. १९५० साली त्याच प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि नागपूर त्याची राजधानी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. गुरुजींचे घर तेच, शाळा तीच, जाण्यायेण्याचा रस्ताही तोच. पण वीस वर्षांत सरकार चार नावांचे झाले, आणि सरकार बदलले की शिक्षण खाते बदलते, खाते बदलले की अभ्यासक्रम आणि पुस्तके बदलतात.

जुन्या प्रांतात हिंदी आणि मराठी शेजारी नांदत होत्या. सरकारी कारभार इंग्रजीतून या दोन भाषांत आणायचा म्हणून पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने डॉ. रघुवीर यांना नागपुरात आणले. संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडवण्याचे त्यांचे मोठे काम इथे झाले. त्या काळातल्या शिक्षकांच्या बोलण्यात जड शास्त्रीय शब्द सहज येत, त्याचा या वातावरणाशी संबंध असावा असे मला वाटते.

तिकडे मुंबई इलाख्यात मराठी पुस्तकांची परंपरा वेगळी चालली होती. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी शालेय मराठी पुस्तके तयार केली आणि तपासली. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच देतात. पुढे आचार्य अत्रे यांनी, स्वतः शिक्षक असल्यामुळे, कोरड्या उपदेशाच्या जागी मुलांना आवडेल असे वाचन देणारी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. पाठ्यपुस्तक हे मुलाला हसवूही शकते, ही गोष्ट अत्र्यांनी पटवून दिली.

१९५६ नंतर नागपूर त्या परंपरेला जोडले गेले. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झाले. यालाच आपण ‘बालभारती’ म्हणतो. १९६८ पासून त्याची पुस्तके येऊ लागली. आपली तुकडी १९६८ साली पहिलीत बसली आणि मार्च १९७८ मध्ये दहावीला, म्हणजे आपण पहिल्या बालभारतीची मुले. १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक निघाले. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि जुनी अकरावी मॅट्रिक इतिहासजमा झाली. इतके सगळे बदल होत असताना एक गोष्ट बदलली नाही. गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत सर्वांना एकच पुस्तक द्यायचे, तर ते प्रत्येक गावाचे असू शकत नाही. पुस्तक आणि गाव यांतले अंतर शिक्षकालाच भरून काढावे लागते.

फळ्यावरचे अनुस्वार

या अंतराची एक गंमत आपण सर्वांनी पाहिली आहे, फक्त तिचे कारण तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्याला एक गुरुजी फळ्यावर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे लिहीत आणि दुसऱ्या बाई तेच शब्द वहीत दिसले की टिंबांवर लाल रेघ मारीत. मुलांनी मात्र सोपा मार्ग काढला होता. गुरुजींच्या वहीत टिंब द्यायचे, बाईंच्या वहीत द्यायचे नाही.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम तयार केले आणि १९६२ साली शासनाने ते स्वीकारले. ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार त्यांनी काढून टाकले. ‘कवि’, ‘बुद्धि’ हे शब्द ‘कवी’, ‘बुद्धी’ असे झाले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. आपण तेव्हा नुकते पाचवीत गेलो होतो.

या अठरांतला एक नियम थेट पाठ्यपुस्तकाच्या कामाचा आहे. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मूळ लेखनाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे सर्व नव्या नियमांनी छापावे. त्यामुळे एकाच पुस्तकात एका पानावर जुने लेखन आणि चार पानांनंतर नवे. शिक्षकाने हे टाचणात धरले नाही, तर मूल गोंधळणारच. ज्यांनी आयुष्याची पंचवीस वर्षे एका पद्धतीने लिहिले, त्यांनी पन्नाशीला हात नव्याने वळवला. फळ्यावर सवयीने टिंब पडायचे आणि ते गुपचूप बोटाने पुसायचे, हे आपण पाहिले आणि हसलो. आज त्या बोटाबद्दल आदर वाटतो.

बाजार हेच साहित्य

आपला वर्ग आठवा. पहिल्या रांगेत सराफा ओळीतल्या पेढीवरचा मुलगा, ज्याच्या घरी मारवाडी. त्याच्या शेजारी किराणा ओळीतला गुजराती. मागे विणकरांच्या वस्तीतली मुले, एम्प्रेस मिलमधल्या कामगारांची मुले, मस्कासाथचे, खापरीपुऱ्याचे, बुधवारीचे. घरात हिंदी बोलणारे निम्मे तरी असतील. जे घरी मराठी बोलत, त्यांची मराठीही पुस्तकातली नव्हती. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘येऊन राह्यलो’ ही आपली बोली. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी यांचे नमुने आहेत. म्हणजे आपली बोली शंभर वर्षांपूर्वीच छापील पानावर आली होती. आपल्या क्रमिक पुस्तकात मात्र तिला जागा नव्हती.

आठवीतल्या मराठीच्या सरांनी एकदा फळ्याचे उभे दोन भाग केले. डाव्या बाजूला ‘घरचा शब्द’, उजव्या बाजूला ‘पुस्तकातला शब्द’. वावर आणि शेत. आलू आणि बटाटा. गंज आणि पातेले. फल्ली आणि शेंगदाणे. डावी बाजू आम्ही भरायची, उजवी सर. तास संपेपर्यंत डावीकडे जागा उरली नाही. सरांनी डावी बाजू पुसायला सांगितले नाही. “दोन्ही वहीत उतरवा. परीक्षेत उजवी लिहा, घरी डावी बोला,” इतकेच म्हणाले. ज्या मुलांनी वर्षभर तोंड उघडले नव्हते, ती त्या तासाला ओरडत होती.

म्हणी आणि वाक्प्रचारांच्या पाठाला सर पुस्तक मिटून ठेवत. ‘पासंगालाही न पुरणे’ याचा अर्थ पुस्तकात ‘अगदी क्षुल्लक असणे’ असा दिलेला असतो. तो पाठ होतो आणि विसरला जातो. सरांनी एका वर्गमित्राच्या दुकानातून तराजू आणवला. रिकामी पारडी सारखी नव्हती. हलक्या बाजूला त्यांनी एक लहानसा खडा बांधला आणि काटा मधोमध आला. “हा पासंग. ज्याचे वजन या खड्याइतकेही नाही, तो पासंगाला पुरत नाही.” तो अर्थ मी आजवर विसरले नाही.

दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि काही वर्षांतच शेर-छटाक कायद्याने गेले. पण भाषेत शेराला सव्वाशेर अजून भेटतो. ज्या मुलांनी शेर पाहिलाच नाही, त्यांना ती म्हण कशी शिकवायची? इतवारीत हा प्रश्न सोपा होता. जुनी वजने कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या कोपऱ्यात पडलेली असत. ‘कसाला उतरणे’ आणि ‘बावनकशी सोने’ यांसाठी सराफ्यात जावे. काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून पारखतात, ती कसोटी बघावी. कस, कसोटी, बावनकशी ही सगळी एकाच दगडाची लेकरे आहेत, हे एकदा पाहिले की वेगळे पाठांतर लागत नाही. हातमागावर ताणा आणि बाणा पाहिलेल्या मुलाला त्यांचा अलंकारिक अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘खडू, फळा, पुस्तक’ असे लिहिलेले असते. आमच्या सरांच्या त्या रकान्यात अर्धी इतवारी असली पाहिजे.

निबंधाचेही तसेच. ‘माझा आवडता सण’ म्हटले की पुस्तकी दिवाळी ठरलेली. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या भागात जे होते, ते दुसऱ्या कुठल्या शहराला माहीत नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात. त्यांच्याबरोबर निघणाऱ्या बडग्यांवर त्या वर्षीच्या महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर टोमणे लिहिलेले असतात. सरांनी आम्हाला त्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन मिरवणुकीला जायला सांगितले होते आणि आवडलेली पाच घोषवाक्ये उतरवून आणायला लावली होती. त्यातली तीन वर्गात वाचण्यासारखी नव्हती, हे वेगळे. उरलेल्या दोनांवरून यमक, श्लेष आणि उपरोध हे तीनही शिकवून झाले.

हे नवे नव्हते

सर हे स्वतःच्या बुद्धीने करत असतील, पण त्यांच्या मागे आपल्याच मुलखातली जुनी वाट होती.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना आली. मातृभाषेतून शिक्षण आणि हाताने करायच्या उद्योगाशी प्रत्येक विषयाचा समवाय, हे तिचे दोन आधार. सूत कातताना मोजणी येते, कापसाचा भूगोल येतो, आणि केलेल्या कामाची नोंद लिहिताना भाषा येते. आधी काम आणि त्यातून धडा, असा टाचणाचा क्रमच तिने उलटा केला. सेवाग्राम आपल्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आत आहे. त्याच सुमारास आपल्या प्रांतात शुक्लांची ‘विद्यामंदिर’ योजनाही निघाली. या योजना पुढे मागे पडल्या, पण त्या काळात शिकलेल्या शिक्षकांच्या मनात ‘आसपासच्या गोष्टींतून शिकवा’ हे बसले.

ताराबाई मोडक यांचा काही काळ आपल्या शेजारी अमरावतीत गेला. पुढे त्यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी बिया, पाने, खडे आणि शिंपले यांची साधने केली. साधन महाग असण्याची गरज नसते, ते मुलाच्या ओळखीचे असावे लागते, हे बोर्डीने दाखवून दिले.

आणि याहून जुनी गोष्ट तर आपल्या विदर्भाचीच आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पश्चात महानुभाव पंथाचे ग्रंथ संस्कृतात लिहावेत असा विचार विद्वान शिष्यांच्या मनात आला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला नकार दिला. संस्कृतात लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना काहीच कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या परंपरेत म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ घडले, तिने भाषा निवडताना आधी समोर बसलेल्या श्रोत्याकडे पाहिले. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. टाचणाचा पहिला नियम मात्र तिथे सातशे वर्षांपूर्वीच ठरला होता.

माझ्या वहीतली चूक

हे सगळे मी आज शहाणपणाने लिहिते आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून झालेली चूकही इथे नोंदवली पाहिजे.

शाळा दुसरी, पण मुले आपल्यासारखीच. पाचवीच्या वर्गात भाजीबाजारावरचा पाठ होता. टाचण सुंदर लिहिले होते, चित्रांचा तक्ता स्वतः रंगवला होता. कोथिंबिरीच्या जुडीवर छडी ठेवून विचारले, “हे काय?” वर्ग गप्प. मग एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सांबार, बाई.” मी म्हणाले, “चूक. सांबार म्हणजे इडलीबरोबर खातात ते. ही कोथिंबीर.” सगळा वर्ग हसला.

त्या मुलाची आई भाजीचे दुकान लावत असे. पहाटे तिच्याबरोबर जुड्या बांधून तो शाळेत येत असे. त्या तक्त्यावरची प्रत्येक भाजी वर्गात त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. तो खाली बसला तो त्या तासाला पुन्हा उठला नाही आणि नंतरही क्वचितच उठला. माझ्या घरी आई रोज सांबारच म्हणत होती, मीही म्हणत होते. तरी खडू हातात घेतल्यावर मी स्वतःच्या आईचा शब्द चूक ठरवला. त्या रात्री आठवीतल्या फळ्याचे ते दोन भाग आठवले. टाचणात उद्दिष्टे पाच लिहिली होती, साहित्य तीन प्रकारचे होते, मुख्याध्यापकांची सहीही होती. समोर कोण बसले आहे, याचा रकाना तेवढा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी समासात एक नवा रकाना आखला: ‘मुले काय म्हणतात’. निवृत्त होईपर्यंत तो राहिला.

वह्या गेल्या कुठे?

पुढच्या काळात साधने वाढली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा योजना आली आणि लहान शाळांना फळे, तक्ते, पुस्तके मिळाली. २००९ मध्ये शासनाने मराठीची वर्णमाला निश्चित केली, ॲ आणि ऑ यांना तिच्यात जागा मिळाली. ज्ञानरचनावाद आला, त्याने मुलाच्या पूर्वानुभवापासून सुरुवात करा असे सांगितले. हर्बार्टनेही जुन्या ज्ञानापासूनच सुरुवात केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने घरच्या भाषेला पुन्हा पुढे आणले. त्याच वर्षी राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. आता ज्या मुलाच्या घरी मराठीचा एक शब्द नाही, त्यालाही ती शिकवायची आहे. इतवारीच्या शिक्षकांना हे काम नवीन नाही, त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. पण ते कसे केले, हे सांगणारा कागद आज आपल्याजवळ नाही.

टाचण आता छापील मिळते. वर्षभराचे तयार टाचण मोबाइलवर येते, नाव घालून प्रत काढायची आणि सही घ्यायची. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. माहिती भरण्याची, सर्वेक्षणांची, ऑनलाइन नोंदींची इतकी कामे त्यांच्यावर आहेत की आदल्या रात्री वही घेऊन बसायला वेळ उरत नाही. पण पुण्यात तयार झालेले पुस्तक आणि आणखी कुठे तरी तयार झालेले टाचण यांच्या मध्ये इतवारीचे मूल कुठे येणार, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

आणि जुन्या वह्यांचे काय झाले? वर्ष संपले, तपासणी झाली की टाचण वहीचा उपयोग संपला असे समजले जाई. शिक्षक निवृत्त झाले, घरे लहान झाली, मुले बाहेरगावी गेली. वह्या रद्दीत गेल्या. त्यांतली काही पाने आपल्याच बाजारात पुड्या बांधायला वापरली गेली असतील. आठवीतल्या सरांची वही पाहायला मिळावी म्हणून मी या वर्षी त्यांच्या घरी गेले होते. सर आता नाहीत. घरच्यांनी प्रेमाने बसवले, चहा दिला, कपाट उघडून दाखवले. पुस्तके होती, निरोप समारंभाचे मानपत्र होते. वह्या नव्हत्या.

म्हणून या स्नेहमेळाव्यात माझी एक विनंती आहे. जे शिक्षक आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडे एखादी जरी टाचण वही उरली असेल, मोडक्या बांधणीची, वाळवीने खाल्लेली, कशीही, तरी ती शाळेला द्यावी. ज्या मित्रांच्या आई-वडिलांनी शिकवले, त्यांनी माळ्यावर एकदा बघावे. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट त्यांसाठी ठेवता येईल, आणि मोबाइलवर पानांचे फोटो काढायला आपल्यातले कोणीही पुरे. मागे वळून त्यांतले शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. टिंबे असली तरी चालतील.

आणि ज्यांच्याकडे वही नाही, त्यांनी डाव्या बाजूचा एक तरी शब्द लिहून द्यावा. घरात बोलला जाणारा, पुस्तकात कधी न आलेला. मेळाव्याच्या दिवशी सभागृहात मी एक फळा मागितला आहे. त्याचे दोन भाग करून ठेवीन. पहिला शब्द मी लिहिणार आहे: सांबार.